आडनाव एक, कुलदैवत वेगळं

१९९३ साली मी नाशिकच्या शालीमारजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला लागलो. तेव्हा आमच्याकडे यंत्रं म्हणजे एक कलरीमीटर, एक सेंट्रिफ्यूज आणि एक वॉटर बाथ. त्या वॉटर बाथचा थर्मोस्टॅट आठवड्यातून एकदा तरी रुसायचा. एसजीपीटी, म्हणजे यकृताची तपासणी, हातानेच व्हायची. नळीत अॅलानिनचं द्रावण घ्यायचं, त्यात पेशंटचं सीरम टाकायचं, ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचं. मग डायनायट्रोफिनाइल हायड्रॅझिन टाकून २० मिनिटं थांबायचं आणि शेवटी सोडियम हायड्रॉक्साइड. ते पडलं की फिकट पिवळी नळी बघता बघता विटकरी तपकिरी व्हायची. हिरवी काच लावून ५०५ नॅनोमीटरवर वाचन घ्यायचं, आलेखावर बोट फिरवायचं, आकडा लिहायचा. राइटमन आणि फ्रँकेल यांनी १९५७ साली बसवलेली ही रीत. आमच्याकडे ती एका तेलकट पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टांगलेली होती.

पावसाळ्यात काविळीचे पेशंट वाढायचे. नळी इतकी गडद व्हायची की काटा टोकाला जाऊन टेकायचा. मग सीरम पातळ करून पुन्हा सगळं पहिल्यापासून. दोनेक वर्षांत माझी नजर अशी बसली, की कलरीमीटरमध्ये घालायच्या आधीच मी मनाशी आकडा धरायचो, आणि तो दहा-पंधराच्या फरकाने बरोबर यायचा. त्या रंगाची मला सवय लागली होती, असंच म्हणायला हवं. त्यामागे काय चाललंय हे मात्र मला फक्त परीक्षेपुरतं ठाऊक होतं: यकृताच्या पेशी फुटल्या की हे एन्झाइम रक्तात उतरतं, ते अॅलानिनचं पायरुवेट करतं, पायरुवेट रंग देतं. संपलं.

२००६ मध्ये मी ती लॅब सोडली आणि अन्नपदार्थ तपासणाऱ्या एका खाजगी प्रयोगशाळेत गेलो. तिथे द्राक्षं यायची, बेदाणा यायचा, आणि अर्थातच कांदा. नाशिक जिल्ह्यात राहून कांद्यापासून सुटका नाही. पहिल्याच महिन्यात साहेबांनी एक छापील कागद हातात दिला. म्हणाले, कांद्याचा तिखटपणा मोजायचा आहे, बाहेरच्या गिऱ्हाइकाला आकड्यात हवाय. कागद वाचला आणि मी हसलोच. कांद्याचा लगदा करा, जरा वेळ राहू द्या, ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्लाने थांबवा, गाळा, डायनायट्रोफिनाइल हायड्रॅझिन टाका, मग सोडियम हायड्रॉक्साइड. अरे, ही तर आमची एसजीपीटी! सीरमच्या जागी कांदा, एवढाच फरक. पुढे शोधलं तेव्हा कळलं, की अमेरिकेतल्या श्विमर आणि वेस्टन यांनी १९६१ मध्ये ही पद्धत दिली, आणि तिच्या मुळाशी रक्त-लघवीतली पायरुवेटसारखी आम्लं मोजण्याची १९४३ ची एक रीत होती. पहिली नळी विटकरी झाली तेव्हा मला जुना गाववाला भेटावा तसं वाटलं.

कांद्याच्या तिखटपणाची गोष्ट मोठी मजेची आहे. अख्ख्या कांद्याला म्हणण्यासारखा वास नसतो. चाळीत शेकडो क्विंटल उन्हाळ कांदा भरलेला असतो, त्याच्या शेजारी माणूस खुशाल झोपतो. कांद्याच्या पेशीत गंधकाचं शेपूट असलेलं एक अमिनो आम्ल असतं, आयसोअॅलिइन. ते पेशीच्या रसात. आणि त्याला तोडणारं एन्झाइम, अॅलिनेज, शेजारच्याच कोठीत, पडद्याआड. सुरी फिरली की पडदा फाटतो, दोघं एकत्र येतात आणि काही सेकंदांत सगळा प्रकार होतो. गंधकाचं शेपूट सुटतं. उरलेल्या भागाचं पायरुवेट आणि अमोनिया होतं. सुटलेलं शेपूट दुसरं एक एन्झाइम उचलतं आणि त्याचा डोळ्यांत जाणारा वायू बनवतं. त्या वायूचे जेवढे रेणू, साधारण तेवढेच पायरुवेटचे. म्हणून पायरुवेट मोजलं की तिखटपणा कळतो. (ज्या गावाचं नाव शूर्पणखेच्या कापलेल्या नाकावरून पडलं असं आपण सांगतो, त्याच गावात बसून मी आयुष्यभर नाकाडोळ्यांतून पाणी काढणाऱ्या रसायनाचा हिशेब ठेवला. असो.)

एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. थोडं पायरुवेट कांद्यात मुळातच असतं. ते वजा करायचं तर अर्धा कांदा आधी मायक्रोवेव्हमध्ये शिजवून एन्झाइम मारायचं आणि मग लगदा करायचा. कच्च्या कांद्याच्या आकड्यातून शिजवलेल्याचा आकडा वजा केला की उरतो तो खरा तिखटपणा.

याच वजाबाकीने मला एकदा तोंडघशी पाडलं. शुक्रवारी संध्याकाळी निफाडकडच्या एका व्यापाऱ्याचे नमुने आले. सोमवारी करू म्हणून मी ते डीप फ्रीझरमध्ये टाकले. रक्ताच्या कामातली सवय. सीरम गोठवलं की टिकतं, मग कांदा का नाही टिकणार? सोमवारी काढले तर कांदे लिबलिबीत झाले होते. तरी मी पुढे गेलो. कच्चा आकडा आणि शिजवलेला आकडा जवळजवळ सारखेच आले, वजाबाकी शून्याच्या आसपास. मी रिपोर्टवर लिहिलं: सौम्य. माल गेला, आणि तिकडून फोन आला, की याला सौम्य म्हणत असाल तर तिखट कशाला म्हणता? व्यापाऱ्याला किंमत कमी करून द्यावी लागली. चूक सगळी माझी होती. गोठताना पेशींमध्ये बर्फाचे सुयांसारखे स्फटिक झाले, पडदे फाटले, आणि बर्फ वितळता वितळता माझ्या सुरीआधीच अॅलिनेजने आपलं काम उरकलं. पायरुवेट भरपूर होतं, पण दोन्ही नळ्यांत सारखंच. नुसता रंग बघितला असता तरी कळलं असतं. शिजवलेली नळी कधी इतकी गडद नसते. मी रंग बघितला नाही, वजाबाकी बघितली.

त्या व्यापाऱ्याने पुढे बरीच वर्षं आमच्याकडे नमुने पाठवले. दर वेळी पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायचं: गोठवू नये.

इथपर्यंत माझ्या लेखी दोन वेगळी कामं होती आणि एक रंग. दोन्हीकडे पायरुवेट तयार होतं म्हणून रंग सारखा, इतकं सरळ. त्यात नात्याचा प्रश्न नव्हता, आणि तसा तो नसतोच. उद्या कुणी लॅक्टिक आम्लापासून पायरुवेट बनवणारं एलडीएच नळीत घातलं तरी हाच रंग येईल, आणि एलडीएचचा या दोघांशी काहीही संबंध नाही.

माझी भाची पुण्याला बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करत होती. दिवाळीला नाशिकला आली तेव्हा फराळानंतर लॅपटॉप उघडून बसली. मी सहज विचारलं, अगं, तुझ्या त्यात आमचं अॅलिनेज दिसतं का? ती म्हणाली, "मामा, लसणाचं आहे. २००२ सालचं." प्रथिनांच्या रचना जगभरातून १९७१ पासून एका खुल्या संग्रहात जमा होतात. सुरुवातीला तिथे सात रचना होत्या, आता दोन लाखांच्या वर आहेत. कुणीही बघावं, पैसे नाहीत. तिने लसणाचं अॅलिनेज उघडलं. पडद्यावर फितींचं एक भेंडोळं, काही फिती मळसूत्रासारख्या, काही शेजारी शेजारी पसरलेल्या पट्ट्या. मला त्यात काहीच कळेना. मग ती म्हणाली, "आता गंमत दाखवते," आणि तिने कोंबडीच्या हृदयातलं एसजीओटी, आमच्या लॅबमधल्या एसजीपीटीचं जोडीदार एन्झाइम, त्यावर आणून ठेवलं, फिरवलं, जुळवलं.

दोन्ही एकमेकांवर बसली. पूर्णपणे नाही, अॅलिनेजच्या पुढच्या बाजूला एक जास्तीचा तुकडा आहे, वाड्याला मागाहून पडवी काढावी तसा. पण आतला चौक तोच, खण तेच. मधोमध विटामिन बी-६ पासून बनलेला तो लहानसा पिवळा रेणू, पायरिडॉक्सल फॉस्फेट, दोन्हीकडे एकाच कोनाड्यात, लायसिनच्या दांडीला धरून.

"एसजीपीटीसुद्धा यातलंच," ती म्हणाली. "एकच घराणं."

मी तेरा वर्षं एसजीपीटी केली होती आणि त्यानंतर तितकीच वर्षं कांदा. मला उठून पाणी प्यावंसं वाटलं.

त्या रात्री मी तिला झोपू दिलं नाही. मी म्हटलं, नावं तर बघ किती लांबची. एकाला ट्रान्समिनेज म्हणतात, दुसऱ्याला लायेज. सरकारी दप्तरातही वेगवेगळे. एन्झाइमांना क्रमांक देणारी आंतरराष्ट्रीय यादी १९६१ मध्ये निघाली. तिच्यात एसजीपीटीचा क्रमांक २.६.१.२ आणि अॅलिनेजचा ४.४.१.४. पहिला आकडाच वेगळा. ती म्हणाली, "मामा, ते नंबर काम बघून देतात. नातं बघून नाही."

हे मला लगेच पटलं, कारण आपल्याकडे आडनावांचं तेच आहे. कुलकर्णी हे आडनाव दप्तर सांभाळण्याच्या वतनावरून आलं. गावोगावचे कुलकर्णी एकमेकांचे कुणी लागत नाहीत. उलट एकाच घराण्यातल्या चार भावांच्या शाखा चार गावी जाऊन चार वतनं करू लागल्या की चार आडनावं होतात, आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीला एकमेकांची ओळख राहत नाही. मग नातं कसं ओळखायचं? लग्नं जमवणारी माणसं आडनावावर थांबत नाहीत, कुलदैवत विचारतात. देव्हाऱ्यातले टाक बघतात. वणीची सप्तशृंगी असली आणि सोबत तोच खंडोबा असला की म्हणतात, थांबा, जरा मागे जाऊन बघू. आमच्या एन्झाइमांच्या देव्हाऱ्यात तो पिवळा टाक होता. नुसत्या टाकानेही भागत नाही म्हणा. हाच रेणू बाळगणारी निदान पाच वेगवेगळ्या बांधणीची घराणी आहेत. टाकही तोच आणि वाड्याची बांधणीही तीच, तेव्हा भाऊबंद.

कामात फरक तरी किती? आता मला तो पानपट्टीच्या दुकानात उभं राहूनही सांगता येतो. दोन्हीकडे सुरुवात एकच. अमिनो आम्ल आत येतं आणि पिवळा रेणू त्याचा नायट्रोजनचा हात धरतो. एकदा हात धरला की त्या अमिनो आम्लाचे मधले बंध सैल पडतात. इथून वाटा फुटतात. एसजीपीटीत हात तिथेच काढून ठेवला जातो, उरलेलं धड पायरुवेट म्हणून बाहेर पडतं, आणि तो हात पुढच्या रेणूला बसवला जातो. अॅलिनेजमध्ये हात धरून ठेवतात आणि शेपूट तुटतं. शेपूट गेल्यावर उरलेलं फार वेळ टिकत नाही, त्याचं पायरुवेट आणि अमोनिया होतो. कोणता बंध तुटणार हे ठरवतात ती कोनाड्याच्या भिंतीतली दोन-चार अमिनो आम्लं. वाडा तोच राहतो, कडीकोयंडे बदलतात.

याच घराण्यातलं आणखी एक भावंड भाचीने दाखवलं आणि मला जिल्ह्याचा नकाशाच डोळ्यांपुढे आला. एसीसी सिंथेज. टोमॅटो, केळी, आंबा पिकताना जो इथिलीन वायू सुटतो, त्याच्या आधीची पायरी हे एन्झाइम करतं. रचना पुन्हा तीच, कोनाडा तोच, टाक तोच. म्हणजे लासलगावच्या लिलावात कांद्याचा ट्रॅक्टर, पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचे क्रेट, आणि शालीमारच्या लॅबमध्ये काविळीच्या पोराचं रक्त, या सगळ्यांत एकाच मूळपुरुषाचे वंशज आहेत. हाताळणाऱ्यांना ते माहीत असायचं कारण नाही. मलाही नव्हतं.

हे घराणं जुनं किती? झुरिकच्या मेहता आणि क्रिस्टेन यांनी या एन्झाइमांच्या अमिनो आम्लांच्या माळा एकमेकींशेजारी मांडून वंशावळ काढली. त्यातून निघालं ते मला अजून थोडं अंगावर येतं. यांची कामं बहुतांशी वाटली गेली ती जीवाणू, आर्किया आणि आपण असे सजीव वेगळे होण्याआधीच. म्हणून एका कामाचं एन्झाइम, मग ते जीवाणूतलं असो की उंदराच्या यकृतातलं, एकमेकांच्या जवळचं; आणि एकाच पेशीत शेजारी राहून वेगळं काम करणारं त्याहून लांबचं. वतनं आधी वाटली आणि गावं नंतर वसली, असा हा उलटा कुलवृत्तांत. अॅलिनेजसारख्या काही शाखा मात्र खूप नंतर, वनस्पतींच्या घरात फुटलेल्या.

असलं काम आपल्या जवळही झालं आहे हे मला भाचीमुळेच कळलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले सी. जी. सुरेश, अर्चना पुंडले आणि त्यांचे सहकारी यांनी इंग्लंडातल्या यॉर्क विद्यापीठाबरोबर पेनिसिलिन-व्ही अॅसिलेज या एन्झाइमची रचना १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. नवीन पेनिसिलिनं बनवण्यासाठी जुन्याचं शेपूट तोडणारं हे एन्झाइम. त्याचं नावबंधू पेनिसिलिन-जी अॅसिलेज आधीच माहीत होतं. दोघांच्या माळेत म्हणावं असं साम्य नाही. एकाची काम करणारी पहिली कडी सिस्टीनची, दुसऱ्याची सेरीनची. पण घडण एका घराण्याची निघाली: साखळीचं सुरुवातीचं टोक स्वतःच छाटून मोकळं करायचं आणि त्याच टोकाने बंध तोडायचा. २००६ मध्ये त्याच गटाने दाखवलं, की आपल्या आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरियमचं पित्तक्षार तोडणारं एन्झाइमही याच घराण्यातलं. पेनिसिलिन कुठे आणि पित्त कुठे! मला त्यांच्या निबंधातली गणितं कळली नाहीत. चित्रं मात्र मी बराच वेळ बघत बसलो.

उलटंही घडतं, आणि तेही सांगायला हवं, नाहीतर साम्य दिसेल तिथे नातं लावायची सवय लागते. दाढ काढल्यावर सूज उतरायला डॉक्टर देतात त्या गोळीत कायमोट्रिप्सिन असतं. कपडे धुण्याच्या पावडरीत सबटिलिसिनच्या जातीची एन्झाइमं असतात. दोन्ही प्रथिनं कापतात, दोन्हींच्या कोनाड्यात सेरीन, हिस्टिडीन आणि अॅस्पार्टिक आम्ल अशी तीच तिघं तशीच बसलेली. वाटतं, सख्खे भाऊ. पण वाड्याची बांधणी बघितली तर पूर्ण वेगळी. दोन अनोळखी घराण्यांना स्वतंत्रपणे एकच युक्ती सुचली. हे म्हणजे दोन गावचे दोन कुलकर्णी.

आणि मग कांद्यातलं, डोळ्यांत पाणी आणणारं ते दुसरं एन्झाइम. ते आहे हेच २००२ पर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. शेपूट सुटलं की वायू आपोआप बनतो असं समजत. जपानच्या हाउस फूड्स या मसाला-करी बनवणाऱ्या कंपनीतल्या संशोधकांनी ते शोधलं. त्यासाठी त्यांना २०१३ मध्ये इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारा आणि मग विचार करायला लावणारा पुरस्कार. लसणात हे एन्झाइम नाही, म्हणून लसूण कितीही ठेचा, रडू येत नाही. पण त्याची रचना मिळाली तेव्हा भाचीसुद्धा गोंधळली होती. बांधणी जवळ जाते ती वनस्पतींच्या अशा प्रथिनांशी, जी काही तोडत नाहीत, जोडत नाहीत; अब्सिसिक आम्ल हे दुष्काळाचं संप्रेरक नुसतं मुठीत धरून निरोप देतात. निरोप्याच्या घरातला एक पोरगा कधीतरी मूठ आवळता आवळता रेणू वळवायला शिकला असावा. पण हे झालं कधी, आणि कांद्याच्याच घरात का? ती म्हणाली, "मामा, यावर कुणीतरी पीएच.डी. करेल." मी म्हटलं, तू कर. तिने लॅपटॉप मिटला.

शेतकऱ्याला यातलं काय सांगणार? पण तोही नकळत याच घराण्याची भाषा बोलतो. निफाडच्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला एकदा सुनावलं होतं, "साहेब, बी तेच, एन-२-४-१. खालच्या रानातला कांदा नाकाला झोंबतो, वरच्या रानातला नाही. तुमचं यंत्र काय सांगतं?" यंत्राने तेच सांगितलं. खालच्या रानात त्यांनी गंधक टाकलं होतं. शेपटासाठी गंधक मिळालं की शेपटं जास्त, शेपटं जास्त की पायरुवेट जास्त. एन्झाइम दोन्ही रानांत तेच.

गेल्या मार्गशीर्षात मला जरा थकवा आला म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. रविवार कारंजाजवळच्या एका लॅबमध्ये गेलो. चकचकीत काचा, आत एक मोठं यंत्र, बाहेर वीस-बावीस वर्षांची मुलगी. एसजीपीटीला आता ते एएलटी म्हणतात. पद्धतही बदलली आहे. अल्ट्राव्हायोलेटमध्ये, ३४० वर, एनएडीएच किती वेगाने संपतं ते यंत्र बघतं, आणि मध्ये पायरुवेट पकडायला एलडीएच घालतात. म्हणजे ज्याचं आमच्या घराण्याशी काही नातं नाही, तोच आता साक्षीला उभा.

मी तिला विचारलं, नळीत रंग काय येतो गं, बघता येईल का?

"काका, रंगबिंग काही नसतो," ती म्हणाली. "थेट आकडा येतो." आणि रिपोर्टचा कागद काउंटरवर माझ्याकडे सरकवला. ५८ होता. पूर्वीच्या नळीत किती गडद दिसला असता, ते मी घरी जाईपर्यंत मनाशी ठरवत होतो.